घोरपडीच्या पिलाचा विश्वास

घोरपडीच्या कुळातले पिलू माणसाला सरावावे असे वाटत असेल, तर सुरुवातीचे कित्येक आठवडे त्याला हात न लावणे हेच मुख्य काम असते. जिंतूरहून शिकायला जर्मनीत गेलेल्या माझ्या भाच्याकडे मी मुक्कामाला होते, तेव्हा त्याने नुकतीच काटेरी शेपटीची एक ऑस्ट्रेलियन घोरपड रीतसर कागदपत्रांसह आणली होती. ही जात पूर्ण वाढल्यावरही शेपटीसकट साधारण दोन फुटांचीच राहते. पिलू तर पाटीवरच्या पेन्सिलीपेक्षा थोडेच जाड होते. मी कौतुकाने पेटीत वरून हात घातला आणि ते गळा फुगवून, अंग चपटे करून फुसकारले. भाचा म्हणाला, "मावशी, त्याच्या लेखी तुझा हात म्हणजे घारीचा पंजा आहे."

म्हणून त्याचा हात नेहमी बाजूने आणि जमिनीलगत आत जाई, आणि तिथेच पडून राही. बराच काळ काहीच घडत नसे. मग एके दिवशी बिळाच्या तोंडाशी दुभंगलेली जीभ लवलवली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. या जिभेने घोरपड हवेतले गंधकण टिपते आणि टाळूतल्या खास अवयवापर्यंत पोहोचवते. घाबरलेले पिलू पळते किंवा निपचित पडते; ज्याला तुमचा वास घ्यावासा वाटतो, ते निदान विचार करू लागलेले असते.

लपायची जागा काढून घेतली म्हणजे पिलू लवकर धीट होते, असे काही जण सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. भाच्याच्या पेटीत खोदता येईल इतका मातीचा जाड थर होता, आणि परतीची वाट मोकळी आहे हे कळल्यावरच पिलू बाहेर रेंगाळू लागले. तापमानाचेही तसेच आहे: या जातीला ऊन खायच्या दगडाचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला लागतो आणि पेटीची दुसरी बाजू थंड लागते. गारठलेल्या पिलाला खाल्लेले पचत नाही, मग त्याने माणसात रस तरी कसा घ्यावा?

रातकिडे आणि झुरळे तो लांब चिमट्याने देत असे, कारण बोटांना खाण्याचा वास लागला की बोट आणि खाणे यांत पिलू फरक करत नाही. शिवाय अनेकदा त्याचा हात नुसता पाणी बदलायला आत जाई. हात आला म्हणजे पकडणार असेही नाही आणि खायला मिळणार असेही नाही, हे पिलाला उमगावे लागते. पुढे ते आपणहून मनगटावर चढू लागले, पण उतरावेसे वाटले की त्याला कोणी अडवत नसे.

आपल्याकडे मात्र घोरपड पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असून तिला पकडणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. खंडोबाच्या जागरणात वाजणाऱ्या दिमडीला पूर्वी तिचेच कातडे मढवीत, मांसासाठीही तिची शिकार होत आली; तेव्हा माणसाची चाहूल लागताच ती पळते यात नवल नाही.

आमच्या शेतातल्या विहिरीच्या दगडी बांधकामात एक पिवळ्या ठिपक्यांचे पिलू राहते. मी रोज त्याच वाटेने, त्याच चालीने जाते, त्यामुळे आता ते पुरते दडत नाही. कपारीतून मान बाहेर ठेवून जीभ लवलवत राहते. खाणे टाकून त्याला आणखी जवळ आणणे अवघड नव्हते, पण ते मी केलेले नाही, कारण माझ्याबद्दलची भीती गेली तर ती इतरांबद्दलचीही जाईल. सोयाबीनच्या काढणीला मळणीयंत्राबरोबर अनोळखी माणसे आणि त्यांच्यामागून कुत्री येतात. त्या दिवसांत मी विहिरीकडे मुद्दाम पाय आपटत जाते.