पिल्लू कवचातच का मेलं? आधी पाण्याच्या ट्रेकडे बघा

तुम्ही विचारलंत म्हणून: उबवणीच्या अठराव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात अंड्यात हलताना दिसलेलं कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी कवचातच मेलेलं का सापडतं? पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या यंत्रात) तापमान 37.5 अंशांवर स्थिर असेल आणि अंडी रोज फिरवली असतील, तर पहिला संशय आर्द्रतेवर घ्या. त्यातही पावसाळा असेल तर ट्रेमध्ये पाणी जास्त झालं असण्याची शक्यता मोठी.

अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जायलाच हवं. तेवढी जागा रिकामी होऊन बोथट टोकाची हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू फुप्फुसाने पहिला श्वास तिथेच घेतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लाला वळायला जागा उरत नाही. असं अंडं फोडून बघितलं की सुजलेलं पिल्लू आणि चिकट द्रव दिसतो. उलट हवा कोरडी राहिली असेल तर आतला पडदा चामड्यासारखा वाळून पिल्लाला आवळून बसलेला असतो.

पहिले 18 दिवस 45 ते 55 टक्के आर्द्रता ठेवतात. पण हा आकडा गाठायला किती पाणी लागेल, ते बाहेरच्या हवेवर ठरतं. कोकणात जुलैमध्ये 28 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा 37.5 पर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप 50 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ट्रे कोरडाच ठेवायचा! विदर्भातल्या मे महिन्यात 40 अंश आणि 15 टक्के असलेली हवा आत 17 टक्क्यांवरच राहते; तिथे दोन ट्रेही कमी पडतात. ट्रे खोल असून उपयोग नाही, पाण्याचा पृष्ठभाग पसरट हवा. पाण्यात अर्धा बुडालेला स्पंज ठेवला तरी बराच फरक पडतो.

आर्द्रता मोजणाऱ्या स्वस्त हायग्रोमीटरवर डोळे झाकून विसंबू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, भिजेल इतपतच पाणी घाला आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 हवा. 69 दिसला तर पुढे प्रत्येक वेळी 6 मिळवून वाचा.

खरा निवाडा वजनकाट्याचा. 18 दिवसांत अंड्याचं वजन साधारण 12 टक्क्यांनी उतरायला हवं. बारा अंडी 600 ग्रॅम भरली असतील तर सहाव्या दिवशी 576, बाराव्या दिवशी 552, अठराव्या दिवशी 528. बाराव्या दिवशी 565 भरली तर पाणी काढून टाका; 540 भरली तर पृष्ठभाग वाढवा. मधूनच काढून टाकलेली अंडी हिशेबातून वगळायला विसरू नका.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा आणि आर्द्रता 65 ते 70 वर न्या. त्यासाठी हवेची भोकं मात्र बुजवू नका. पिल्लांना प्राणवायू सर्वांत जास्त याच दिवसांत लागतो. स्पंजपर्यंत बारीक नळी आधीच सोडून ठेवा, म्हणजे झाकण न उघडता सिरिंजने कोमट पाणी घालता येईल. चोचीने कवच फुटल्यावर झाकण उघडलंत तर दमट हवा क्षणात निघून जाते आणि पडदा वाळून पिल्लू अडकतं. पहिली पिल्लं बाहेर आल्यावर त्यांच्या ओल्या अंगामुळे आकडा 75-80 वर जाईल. तेव्हा काहीही करू नका.