बीबी का मकबरा : संगमरवर संपतो तिथून पुढे

डिसेंबरातल्या एका मंगळवारी आम्ही छत्रपती संभाजीनगरला होतो. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे सबंध सकाळ बीबी का मकबऱ्यासाठी मोकळी मिळाली आणि ती कारणी लागली.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचे १६५७ मध्ये निधन झाले. तिच्या कबरीवरची ही वास्तू ‘दख्खनचा ताज’ म्हणून ओळखली जाते. या तुलनेला आधार आहे. दरवाजावरील लेखात वास्तुकार म्हणून ज्या अताउल्लाचे आणि स्थापत्य अभियंता म्हणून ज्या हंसपतरायाचे नाव आहे, त्यांपैकी अताउल्ला हा ताजमहालाचे शिल्पकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहौरी यांचा मुलगा. मात्र बागेची आखणी ताजसारखी नाही. आग्ऱ्याला समाधी बागेच्या टोकाशी, यमुनेच्या काठावर आहे; येथे ती दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्याप्रमाणे चारबागेच्या, म्हणजे चार भागांत विभागलेल्या बागेच्या, मधोमध उभी आहे. म्हणून येथे केवळ समोरून छायाचित्र काढून परतू नये. चौथऱ्याला पूर्ण फेरी घालावी, म्हणजे चारही दिशांना सुटणाऱ्या वाटा आणि पाण्याच्या पाटांची रचना नीट ध्यानात येते. पश्चिमेकडची मशीद निजामाच्या काळातील भर आहे आणि तिच्यामुळे त्या बाजूचे प्रवेशद्वार बंद झाले आहे.

प्रवेश दक्षिणेकडून आहे. आत शिरण्याची घाई न करता लाकडी दरवाजावर मढवलेला पितळी पत्रा आणि त्यावरची फुलांची नक्षी जवळून पाहावी.

मुख्य इमारतीपाशी गेल्यावर भिंतीकडे निरखून पाहा. खालचा पट्टा गुळगुळीत संगमरवराचा आहे. साधारण कमरेच्या वर तो संपतो आणि तेथून घुमटापर्यंत दख्खनचाच काळा दगड, त्यावर बारीक गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी आहे. खर्चाचा हात आखडता होता हे यावरून दिसतेच. बांधकामाला ६,६८,२०३ रुपये आणि सात आणे लागल्याची जुनी नोंद आहे. परंतु त्या गिलाव्यात गवंड्यांनी पाने, वेली आणि फुले इतक्या नेटकेपणाने उठवली आहेत की, मला ताजच्या शुभ्र पृष्ठभागापेक्षा हे काम अधिक वेळ थांबवून ठेवणारे वाटले. काही ठिकाणी गिलावा काळवंडला आहे, पोपडे सुटले आहेत, म्हणून त्याला हात लावू नये.

मिनारांबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. मुख्य इमारतीच्या मानाने ते फार जवळ आणि फार उंच वाटतात, त्यामुळे घुमटाला हवा तेवढा मोकळेपणा मिळत नाही.

बेगमेची कबर खालच्या पातळीवर आहे. वरच्या दालनातील उघडीतून खाली वाकून पाहिले की अष्टकोनी संगमरवरी जाळी आणि तिच्या आत कापडाने झाकलेली साधी कबर दिसते. भिंतींतल्या जाळ्यांमधून येणारा उजेड सौम्य असतो; डोळे सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे तेथेच उभे राहावे.

तिकीट आधीच ऑनलाइन काढावे आणि दीड-दोन तास हाताशी ठेवावेत. पाणचक्की येथून जवळ आहे, ती त्याच फेरीत होते. अजिंठा सोमवारी बंद असतो, तेव्हा दिवस ठरवताना तेही पाहून घ्यावे.