तुम्ही विचारलंत म्हणून: 'अवहेलना'च का?

"सरळ अपमान म्हण ना, अवहेलना काय, जुन्या नाटकातल्यासारखं!" हे मला घरी, स्टाफरूममध्ये, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे ऐकवतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. भाव खायला वापरत नाही हो मी हा शब्द. मला दुसरा पुरत नाही.

संस्कृतातला मूळ धातू हेड्, अर्थ अनादर करणे. ड चा ल होऊन हेला, आणि हेला म्हणजे लीला, 'हेलया' म्हणजे हसतखेळत, काही कष्ट न पडता. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात, एकाच नाट्यवर्गात म्हणजे नाटकाशी निगडित शब्दांच्या भागात, अवहेलन हे परिभव, तिरस्क्रिया, अवज्ञा यांच्या रांगेत आहे आणि हेला शृंगाराच्या विभ्रमांत. आपल्या हेळसांडीतला हेळही तोच. अपमान करायला समोरच्याचा मान आधी मोजावा तरी लागतो, अवहेलना जाता जाता होते.

तासिका तत्त्वावर शिकवत होते तेव्हाची गोष्ट, एका कॉलेजात पर्मनंट जागेची मुलाखत होती. समोर चार जण, त्यातले विषयतज्ज्ञ "हं, बोला" म्हणाले आणि शेजारच्यांशी पार्किंगचं बोलायला लागले, मी पीएचडीचं सांगतेय सांगतेय आणि तेवढ्यात चहा आला, टेबलावर जागा नव्हती म्हणून त्यांनी माझी फाईल पुढे ओढली, न उघडताच, आणि कप तिच्यावर ठेवला. आत माझी सगळी सर्टिफिकेटं, नेटचा निकाल, छापून आलेले लेख. मी बोलत राहिले. थांबायला हवं होतं का? थांबून काय म्हणणार होते? शेवटी त्यांनी कप उचलला, फाईल शिपायाकडे दिली आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?" मी समोरच बसले होते.

मैत्रीण म्हणते, अगं दमले असतील, सकाळपासून मुलाखती चालू होत्या. असतील की. त्यांचा माझ्यावर राग नव्हता हे मलाही मान्य आहे, तेच तर सांगतेय.

पूर्वी मी वर्गात ठासून सांगायचे की या शब्दात राग नाहीच, नुसती बेफिकिरी आहे. पण ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या २४व्या सूक्तात, बळी द्यायला यज्ञाच्या खांबाला बांधलेला शुनःशेप नावाचा मुलगा वरुणदेवाला म्हणतो, 'अव ते हेळो वरुण नमोभिः', वरुणा, तुझा हेळ आम्ही नमस्कारांनी शमवतो. तिथे हेळ म्हणजे चक्क राग! (अव आणि हेळ जवळजवळ आलेत, पण तिथला अव म्हणजे दूर करणं.) मग तेव्हाची मी म्हणते, रागाचा अर्थ वेदातला, जुना, आपल्यापर्यंत बेफिकिरीच पोचली, तीच धर. आत्ताची मी म्हणते, वरुण रागावला होता म्हणजे त्याला शुनःशेप दिसत तरी होता, त्याच्यापुढे हात जोडता येत होते. दोघींचं जमत नाही. पण त्या दिवशीच्या प्रकाराला अपमान म्हणायला दोघीही तयार नाहीत.