पुढचं पान

नवतपा, म्हणजे मे अखेरचे रणरणते नऊ दिवस, लागला की नागपूरच्या धरमपेठेतल्या मामाच्या घरात दुपारी बारा ते पाच राहण्यासारखी एकच खोली उरते, मागची, कूलरची. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कूलरमध्ये पाणी भरलं, सतरंजी अंथरली की पत्ते निघतात. आमच्याकडे पूर्वापार रमी, आणि मामी माहेरी गेली की तीनपत्ती. दोन वर्षांपूर्वी मामाचा नातू पुण्याच्या होस्टेलमधून सुट्टीवर आला आणि येताना पोकर घेऊन आला.

"पैसे लावून पत्ते या घरात नाही," मामीनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि बरणीतले चिंचोके मोजून दिले. प्रत्येकी पन्नास. मग स्वतःही पदर खोचून बसली. "मले काय समजते त्यातलं," असं म्हणत आजवर सगळ्यात जास्त चिंचोके तिनंच जिंकले आहेत.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि मध्ये सगळ्यांच्या मालकीचे पाच. आधी तीन एकदम उघडतात, मग एक, मग शेवटचा एक. दर टप्प्याला बोली. आपले दोन आणि मधले पाच मिळून जे उत्तम पाच जमतील ते खरे. पहिला तासभर मात्र भांडणातच गेला. शेजारचे काका, वय वर्षं पंचाहत्तर, तीनपत्तीतले जुने खेळाडू. त्यांना 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न पाहता चाल, एवढंच ठाऊक. इथे ब्लाइंड म्हणजे पाळी आली की पत्ते पाहण्याआधीच निमूट भरायचे चिंचोके. ते त्यांनी कसंबसं गिळलं. पण कलर (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे) सीक्वेन्सपेक्षा (ओळीनं लागलेल्या पत्त्यांपेक्षा) मोठा, हे ऐकल्यावर त्यांनी पत्तेच खाली ठेवले.

"काऊन बे, कलर कसा मोठा होईन? असं कुठी असते का?"

नातवानं जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागे आकडे मांडले. तीन पत्त्यांचे एकूण हात २२,१००. त्यात साधे सीक्वेन्स ७२०, कलर १,०९६. म्हणून तीनपत्तीत सीक्वेन्स भारी. पाच पत्त्यांचे हात २५,९८,९६०. त्यात सीक्वेन्स १०,२००, कलर फक्त ५,१०८. म्हणून इथे कलर भारी. काकांनी कागद चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "म्हणजे पत्ते तेच, भाव वेगळा," ते म्हणाले आणि पुढचा डाव वाटायला घेतला. तो कागद अजून त्यांच्या पाकिटात आहे. कोणी भेटलं की काढून दाखवतात.

रीतभात शिकायला याहून जास्त वेळ लागला. नातू खेळात जेवढा ढिला तेवढा शिष्टाचारात कडक. पाळी नसताना बोलायचं नाही. "दहा..." म्हणून समोरच्याचं तोंड पाहायचं आणि मग "...वर वीस" असं करायचं नाही, एकदाच काय ते बोलायचं. आणि माघार घेऊन टाकलेल्या पत्त्यांबद्दल डाव संपेपर्यंत चकार शब्द नाही. हे शेवटचं मामाला फार जड गेलं. मध्ये एखादी दश्शी उघडली की त्याच्या तोंडून "अरे देवा, मी आताच दश्शी टाकली!" निघालंच म्हणून समजा. खेळत असलेल्याला तेवढ्यानं कळतं, की एक दश्शी बाद. यात मामाचा फायदा शून्य, तिसऱ्याच कोणाचं तरी नुकसान. आपल्याकडे लग्नकार्यांत निम्मी भांडणं याच जातीची असतात. डावात नसलेला माणूस बोलतो.

कूलरच्या वाऱ्यानं पत्ते उडतात, हा प्रश्न कुठल्याच नियमपुस्तकात नसावा. एकदा काकांचे दोन्ही पत्ते उडून माझ्या मांडीवर उताणे पडले. मी डोळे मिटून ते परत दिले. मिटायच्या आधी एक राणी दिसलीच होती. तेव्हापासून काका पत्त्यांवर चष्म्याची डबी ठेवतात.

आता माझ्या पापाचं सांगतो. सरासरीनं २२१ डावांत एकदा हाती येते ती एक्क्यांची जोडी त्या दिवशी काकांना आली. मध्ये एक एक्का आणि दोन गुलाम. तीन एक्के, दोन गुलाम असा घसघशीत हात. काकांनी होते नव्हते ते चिंचोके लावले. उरलेले दोन गुलाम माझ्या हातात होते. माझे चार गुलाम, मी जिंकलो होतो. पण मी उसासा सोडला, मान हलवली, "काका, काय पत्ते आले तुम्हाला!" म्हणालो. काका खुलले. त्यांनी पत्ते दाखवले, दोन्ही हातांनी ढीग जवळ ओढला. तेव्हा मी एकेक गुलाम सावकाश खाली ठेवला.

कोणी हसलं नाही. काकांनी ढीग माझ्याकडे सरकवला. त्यातला एक चिंचोका घरंगळून कपाटाखाली गेला, तर गुडघ्यांवर हात टेकून उठले, शोधून आणला आणि तोही दिला. नातू एवढंच म्हणाला, "याला स्लो रोल म्हणतात. नियमात बसतं. पण करत नाहीत." मामीनं सगळ्यांना पन्हं दिलं. माझा ग्लास हातात दिला नाही, सतरंजीच्या कडेला ठेवला. "जिंकला होतास ना? मंग असं कायले केलं?"

याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मामाचा दोष वेगळा. तो पत्ते टाकतो आणि डाव लवकर मिटला की म्हणतो, "उघड बे पुढचं पान, काय येत होतं पाहू." नातू उघडत नाही. इंग्रजीत याला सशाची शिकार म्हणतात म्हणे. असभ्य समजतात. चिंचोके न भरता पान पाहायचं नाही. शिवाय पाहून होतं काय? मनासारखं निघालं तर रात्रभर तळमळ, आणि पुढच्या डावात नको ते पत्ते धरून बसणं.

"यायले तीस वर्षांपासून तीच सवय आहे," मामी गवार मोडता मोडता म्हणाली.

नागपुरात एका विशिष्ट वयाच्या प्रत्येक माणसानं वर्धा रोडवरचा एक प्लॉट सोडलेला असतो. मामानंही सोडला. तेव्हा तिकडे दिवसाही कोणी जायचं नाही. मामाची नोकरी कामठीला, रोजची ये-जा, म्हणून त्यानं प्लॉटऐवजी स्कूटर घेतली. आता तिथे खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. विमानतळाकडे जाताना मामा दर वेळी खिडकीतून बोट दाखवतो आणि मनातल्या मनात भाव लावतो. स्कूटर अंगणात उभी आहे, पावसाळ्यात तिच्यावर कारल्याचा वेल चढतो. हातातले पत्ते पाहता स्कूटर घेणं बरोबरच होतं, हे मामीचं मत. एक्क्यांची जोडीसुद्धा सत्ती-दुर्रीपुढे शंभरात दहा-बारा वेळा हरते, म्हणून कोणी एक्के टाकून देत नाही, हे नातवाचं. मामा दोघांचंही ऐकतो आणि पुन्हा बोट दाखवतो.

यंदाच्या सुट्टीतला शेवटचा डाव. माझ्या हातात दोन बदाम, मध्ये चार पानांत आणखी दोन. पाचवा बदाम आला की कलर. न दिसलेली पानं सेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ. पाचात एक म्हणा. मामीनं गवारीवरची नजर न काढता चाळीस चिंचोके पुढे केले. पाचात एकसाठी चाळीस जास्त होते. मी टाकले. मामानं टाकले, काकांनी टाकले. मामीनं पत्ते न दाखवता टाकलेल्या पत्त्यांत मिसळले आणि ढीग पदरात घेतला. तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला आणि सगळे हाशहुश करत ओसरीवर गेले.

मी पत्ते गोळा करायला मागे राहिलो. न वाटलेली गड्डी तशीच होती. रिवाजाप्रमाणे वरचं एक पान बाजूला काढलं आणि त्याखालचं हळूच उलटलं.

ओसरीवरून मामाचा आवाज आला, "काय निघालं बे?"