फोटो ह्यांचे, धुलाई माझी

भाचीच्या मुलानं पुण्यात एक जुना फिल्मचा कॅमेरा घेतलाय. छत्तीस फोटोंचा रोल संपला की लॅबमध्ये देतो आणि दोन-चार दिवसांनी मोबाईलवर स्कॅन येतात. "आजी, फिल्ममध्ये काहीतरी खरं असतं गं," असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, निगेटिव्ह कुठायत? तर त्या लॅबवाल्याकडेच राहिल्या, आणायचं राहून गेलं. मग काय बोलणार!

फिल्मच्या आठवणी काढणारे हल्ली बरेच भेटतात आणि सगळे कॅमेऱ्याबद्दल बोलतात. शटरचा आवाज, रोल भरायची गंमत, मोजून बारा फोटो. मला त्यातलं फारसं सांगता यायचं नाही. भुसावळला आमचा स्टुडिओ होता, पण कॅमेरा माझ्या हाती क्वचितच आला. आधी सासरे फोटो काढायचे, नंतर हे. मी मागच्या खोलीत. गिऱ्हाईक "साहेब, फोटो मस्त आला" म्हणून ह्यांच्याशी हात मिळवून जायचं आणि मी आत ट्रे विसळत असायचे. तक्रार म्हणून सांगत नाही, तशी रीतच होती. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी, म्हणजे 1912-13 मध्ये, कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायची आणि ती धुवायची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केली. शंभर माणसांच्या घरात विचारून बघा, त्यांचं नाव किती जणांना येतं.

आमची डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. दाराला आतून गोधडी लावलेली, फटींना काळा कागद. पंखा जपून लावायचा, कारण धूळ उडाली की निगेटिव्हवर बसते आणि मग प्रिंटवर पांढरे ठिपके. त्यात भुसावळचा मे महिना! डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणारं द्रावण, वीस अंशांवर हवा असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं, आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालवणार नाही इतकं तापलेलं. सकाळी कारखान्यातून बर्फाची लादी यायची, ती फोडून मोठ्या परातीत घालायची आणि परातीत ट्रे ठेवायचा. बर्फ ट्रेमध्ये घातला तर द्रावण पातळ होतं, म्हणून बाहेरूनच गार करायचं. तरी पारा चढलाच तर धुण्याची वेळ निम्म्यावर आणायची. उन्हाळ्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर इतका मऊ पडतो की नुसतं नख लागलं तरी निघून येतो. त्यासाठी हायपोत, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालायची. होय, तीच, दाढीनंतर लावतात ती.

डेव्हलपर आम्ही घरीच बनवायचो. फिल्मसाठी डी-76 नावाचा. एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. हे मला अजून झोपेतही म्हणता येईल. क्रम चुकवायचा नाही: चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की बाकीचं. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. ह्या मेटॉलनं बोटांना खाज सुटते, कातडी फाटते. माझी नखं कित्येक वर्षं तपकिरी होती. हळदीकुंकवाला गेलं की बायका हाताकडे बघायच्या. डार्करूमच्या गोड आठवणी काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

पण प्रिंट करायला बसलं की मला बाकी काही सुचत नसे. ब्रोमाइड पेपरला, म्हणजे फोटो छापायच्या कागदाला, लाल उजेड दिसत नाही, म्हणून लाल दिवा चालतो. निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली कागद ठेवायचा, दिवा लावायचा आणि तोंडानं आकडे मोजायचे. मोजताना बोलायचं नाही हे मुलांनासुद्धा माहीत. बाहेरून "आई, येऊ का?" आलं आणि आतून उत्तर आलं नाही, की ती गुपचूप बसायची. शाळेचा ग्रुप फोटो असला तर खरी कसोटी. मास्तरांचे पांढरेशुभ्र सदरे आणि मागच्या रांगेत उन्हात डोळे बारीक केलेली सावळी पोरं. सदऱ्यांप्रमाणे वेळ दिला तर कागदावर पोरांचे चेहरे काळे ठिक्कर पडायचे, चेहऱ्यांप्रमाणे दिला तर सदरे कोरे. मग तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची छोटी चकती लावून ती दिव्याखाली सतत हलवत एकेक चेहरा झाकायचा, आणि सदऱ्यांना वेगळा जादा वेळ द्यायचा. चकती स्थिर राहिली की चेहऱ्याभोवती कडं उमटतं. पूर्ण रांग झाली की मान भरून यायची.

"फिल्म खरं बोलते" ह्या वाक्याला मी हसते ते म्हणूनच. स्थळाला दाखवायचा मुलीचा फोटो आला की बरोबर तिची आई यायची आणि हळूच सांगायची, "जरा उजळ करा हो." मी वेळ दोन-तीन आकड्यांनी कमी करायचे. त्याआधी सासरे निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलनं टचिंग करायचे. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं त्या शिशात बुजून जायचं. मोबाईल चेहरा गुळगुळीत करतो म्हणून आज कुणी नाक मुरडलं, तर मला आमचं ते टचिंगचं टेबल दिसतं. फरक असलाच तर इतकाच की ती मुलगी कोण हे मला माहीत असायचं, आणि किती उजळ करायचं हे ठरवताना मला तिच्याकडे बराच वेळ बघावं लागायचं. काही मुलींचं मी मुद्दाम फार काही केलं नाही. आयांना ते कळायचं. एक-दोन भांडूनही गेल्या.

मयताचे फोटो हा वेगळाच प्रकार. माणूस गेला की घरात एकही नीट फोटो नाही असं कळायचं. मग एखाद्या लग्नाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेत उभे असलेले आजोबा शोधून आणत. नखाएवढं डोकं. त्याची कॉपी काढायची, मोठं करायचं, शेजारच्याचा खांदा ब्रशनं पुसायचा आणि अंगात कोट चढवायचा. आयुष्यभर बंडी घातलेला माणूस भिंतीवर कोट-टायमध्ये. दहाव्याच्या आत द्यायचा, म्हणून रात्री जागून करायचा. तो न्यायला आलेली माणसं पैशांवरून कधी घासाघीस करत नसत.

आमची डार्करूम डिजिटलनं बंद पाडली असं लोक समजतात. तसं नाही. तिला आधीच रंगीत फोटोंनी खाल्लं होतं. रंगीत रोल धुवायला बाहेर पाठवायचे, पुढे गावातच मशीन आलं. एका बाजूनं रोल घालायचा, दुसऱ्या बाजूनं चकचकीत प्रिंट. माझ्याकडे उरले फॉर्मवरचे आणि रेल्वे पासचे छोटे फोटो. उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू'चा कागद मिळेनासा झाला. वापरलेल्या हायपोतली चांदी काढणारा कॅन घेऊन दारी यायचा, लोखंडाचा कीस टाकून चांदीचा गाळ खाली बसवायचा. तोही यायचा थांबला. डिजिटल कॅमेरा आला तेव्हा त्या खोलीत आम्ही गव्हाच्या कोठ्या ठेवत होतो. ह्यांना वाईट वाटलं. मला, खरं सांगायचं तर, बोटं बरी झाली ह्याचा आनंद जास्त होता. चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं ते पुष्कळ नंतर.

निगेटिव्ह मात्र मी टाकू दिल्या नाहीत. बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, नंबरापुढे रजिस्टरमध्ये नाव आणि तारीख. काही रोलना आता आंबूस वास यायला लागलाय आणि फिल्म वाकायला लागलीय. तशा निघाल्या की वेगळ्या करून ठेवते, नाहीतर बाकीच्याही नासतात. मधूनच कुणीतरी येतं, वडिलांचा तरुणपणीचा फोटो होता का विचारायला. आडनाव आणि साधारण साल सांगितलं तर शोधता येतं. तेव्हा भुसावळचं कुणी हे वाचत असेल आणि घरच्या जुन्या फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत नंबर असेल, तर तो घेऊन या. दुपारी चारनंतर या, त्याआधी मी झोपलेली असते.