विद्यापीठात वर्णभेदाची तक्रार केली, माझा अनुभव

इंग्लंडमध्ये मास्टर्स करत होते तेव्हा सेमिनारला एक सर होते, पहिल्याच दिवशी माझं नाव बघून "हे काही मला जमणार नाही" म्हणाले आणि मग टर्मभर मला "इंडिया" म्हणूनच हाक मारली. "इंडियाला काय वाटतं?" की वर्ग हसायचा. नायजेरियाच्या माझ्या मैत्रिणीला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, निबंध तूच लिहिलास ना? गोऱ्या मुलांपैकी कुणाला हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

तरी दोन महिने गप्प बसले, कारण व्हिसा विद्यापीठाच्या स्पॉन्सरशिपवर आणि आई फोनवर म्हणायची, वर्षभराचा तर प्रश्न आहे, कशाला नादी लागतेस.

शेवटी स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी आधी कायदा समजावला. 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टमध्ये वंश म्हणजे नुसता रंग नाही, राष्ट्रीयत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ पण त्यातच येतं, म्हणजे "इंडिया" म्हणून हिणवणं सुद्धा. आणि तक्रार केली म्हणून कुणी त्रास दिला तर तो पण कायदाभंगच, कलम 27. हे ऐकून मी तिथेच रडले. हा कायदा कुणी फुकट दिलेला नाही हो, 1963 मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या आणि आशियाई लोकांना बसवर कामाला घ्यायला नकार दिला तेव्हा लोकांनी चार महिने बसवर बहिष्कार टाकला होता, त्यानंतर 1965 ला पहिला रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट आला.

मग तारीख, खोली, नेमके शब्द, हजर कोण, हे सगळं लिहून काढायला सांगितलं. मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं, पण बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज रात्री रडगाणं पाठवायचे त्यातून तारखा सापडल्या! एका निबंधाला कमी मिळालेले मार्क पण मला तक्रारीत घालायचे होते, त्यांनी थांबवलं. मार्क हा शैक्षणिक निर्णय, त्यात बाहेरची तक्रार संस्था ओआयए सुद्धा पडत नाही. पटायला जड गेलं पण त्यांचं बरोबर होतं, ते घातलं असतं तर सगळी चर्चा मार्कांवरच गेली असती.

पहिली पायरी अनौपचारिक. विभागप्रमुख म्हणाले, त्यांचा तसा हेतू नव्हता. पण कायद्यात छळ ठरवताना हेतू किंवा परिणाम, दोन्हींपैकी एक पुरतो, म्हणून औपचारिक फॉर्म भरला. चौकशीत मैत्रीण माझ्या बाजूने बोलली, वर्गातले दोघं म्हणाले आम्हाला आठवत नाही. सरांच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण हसणाऱ्यांत तेच पुढे होते.

निकाल अर्धाच आला, नावाचं मान्य, निबंधाच्या प्रश्नाचं नाही. फेरविचार मागितला तेव्हा कळलं की मैत्रिणीचा जबाब नीट विचारातच घेतला नव्हता. तोही भाग मग मान्य झाला. तिथेही नाही म्हणाले असते तर विद्यापीठाच्या शेवटच्या पत्रापासून 12 महिन्यांत ओआयएकडे जाता येतं, फी नाही. कोर्टात जायचं असेल तर मात्र घटनेपासून 6 महिने मोजतात, ते तेवढं आधीच डोक्यात ठेवा, विद्यापीठाची चौकशी लांबत जाते.

फॉर्मवर "तुम्हाला काय हवं?" असा रकाना होता. कुणाची नोकरी जावी असं मी लिहिलं नाही. याच कायद्याच्या कलम 149 मध्ये सरकारी कामं करणाऱ्या संस्थांनी वेगवेगळ्या गटांत चांगले संबंध वाढवायचा विचार केला पाहिजे असं आहे, त्याचा आधार घेऊन लिहिलं की दोघींची लेखी माफी आणि हजेरीच्या यादीत प्रत्येक नावापुढे उच्चार. दोन्ही मिळालं. सरांच्या पत्रात माझं पूर्ण नाव होतं, स्पेलिंग बरोबर.

मैत्रिणीलाही तसंच पत्र आलं. तिने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि मी तिला त्याबद्दल विचारतही नाही.