वरिष्ठांच्या दमदाटीची तक्रार: नोंदवहीपासून निकालापर्यंत

पहिल्या दोन आठवड्यांच्या माझ्या नोंदी तक्रारीत वापरताच आल्या नाहीत. "आज पुन्हा सगळ्यांसमोर अपमान केला", "मुद्दाम छळतात" एवढंच त्यात होतं. चौकशी करणाऱ्याला यातून काय पडताळता येणार? तिसऱ्या आठवड्यापासून मी अशी लिहायला लागले:

"मंगळवार, सकाळी 10.40, आढावा बैठक. माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत सर म्हणाले, 'तुमच्या डोक्यात हे शिरणार नाही, बसा खाली.' टीममधले पाच जण हजर (पुढे नावं). दहा मिनिटांनी तोच आकडा दुसऱ्याला विचारला. परिणाम: माझा मुद्दा बैठकीच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) आला नाही, काम दोन दिवस लांबलं."

तारीख, वेळ, जागा, तोंडचे शब्द, हजर माणसं आणि कामावर झालेला परिणाम. विशेषण एकही नाही. रडू आलं, रात्री झोप लागली नाही, हे मी वेगळ्या वहीत लिहायचे. ते डॉक्टरांना दाखवायला कामी आलं, आणि त्रास कशामुळे होतोय हे डॉक्टरांनी तारखेसह केसपेपरवर लिहिलं.

नोंद त्याच दिवशी, शक्यतो अर्ध्या तासात करायची. दुसऱ्या दिवशी शब्द बदललेले असतात, आपल्यालाही ते कळत नाही. वही शिवलेली असावी, पानांना आकडे घातलेले असावेत, म्हणजे पानं मागाहून घुसवली असं कुणी म्हणू शकत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही नोंद ठेवू नका. तो संस्थेचा आहे, लॉगिन बंद झालं की सगळं गेलं. ऑफिसचे मेल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवण्याचा मोहही आवरा. गोपनीय माहिती बाहेर नेली म्हणून तुमच्यावरच उलट कारवाई होऊ शकते. मी मेलची तारीख, वेळ आणि विषय तेवढा लिहून ठेवला आणि नंतर मेल सर्व्हरवरून काढायची विनंती चौकशी कमिटीला केली. चोरून रेकॉर्डिंग करायच्या आधी नियम तपासा. काही ठिकाणी तो गुन्हा ठरतो, काही ठिकाणी नोकरीच्या अटींचा भंग.

आरडाओरडा सहज लिहिला जातो, मुकाट छळ निसटतो. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठातल्या संशोधकांनी कामाच्या जागच्या छळावर तयार केलेल्या प्रश्नावलीत दोन्ही प्रकारची मिळून 22 वर्तनं आहेत. कामाला लागणारी माहिती दडवणं, योग्यतेपेक्षा हलकं काम देणं, न झेपणाऱ्या मुदती लादणं, जुन्या चुका पुन्हापुन्हा उकरून काढणं ही त्यातलीच. ती यादी समोर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की महिनाभरात चार बैठकांचं निमंत्रण मला आलंच नव्हतं, आणि वहीत त्याचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. माझ्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम पुरावा पुढे हाच ठरला, कारण कॅलेंडर खोटं बोलत नाही.

स्वीडनमध्ये या विषयावर काम केलेले हाइन्झ लेमान यांनी छळ म्हणायला आठवड्यातून किमान एकदा, किमान सहा महिने, अशी कसोटी लावली होती. ती संशोधनाची कसोटी आहे. तक्रार करायला सहा महिने सोसायची गरज नाही. कामाच्या जागच्या हिंसा आणि छळाविषयीच्या, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या करार क्रमांक 190 मध्ये एकदाच घडलेलं वर्तनही धरलेलं आहे. कडक साहेब आणि त्रास देणारा साहेब यांतला फरक मात्र आधी स्वतःशी तपासायला हवा. कडक माणूस कामातली चूक दाखवतो, सगळ्यांना एकच माप लावतो आणि ती सुधारायची वाट ठेवतो. मी प्रत्येक नोंदीपुढे हे तीन प्रश्न लिहिले. सात नोंदी त्यात गळाल्या. त्या गळाल्या हे बरंच झालं, नाहीतर त्यांच्यावरूनच बाकीच्या नोंदी खोडून काढल्या गेल्या असत्या.

तोंडी हुकूम हे या माणसांचं आवडतं हत्यार. आज एक सांगायचं, उद्या "मी असं म्हणालोच नव्हतो". त्यावर मी दर वेळी तासाभरात दोन ओळींचा मेल टाकायचे: "आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे अहवाल सोमवारऐवजी शुक्रवारी देत आहे. समजण्यात चूक असल्यास कृपया कळवावे." सूर नम्रच ठेवायचा, कारण हा मेल उद्या तिसरा माणूस वाचणार असतो. भर बैठकीत पाणउतारा झाला तर एकच वाक्य: "सर, चूक नेमकी कुठे आहे ते सांगा, मी दुरुस्त करते." आवाज चढवलात की दोघंही भांडत होते अशी नोंद होते.

सहकाऱ्यांकडून सही मागू नका. त्यांनाही त्याच माणसाच्या हाताखाली नोकरी करायची असते. मी एवढंच विचारलं, "कमिटीने बोलावलं तर जे पाहिलं ते सांगाल का?" तिघं नको म्हणाले, दोघं हो म्हणाले. बदली होऊन दुसऱ्या विभागात गेलेली व्यक्ती सगळ्यात मोकळेपणाने बोलते, तिला आधी विचारा.

तक्रार दोन पानांत बसवली. एकतीस नोंदींपैकी सहा निवडल्या, तारखेच्या क्रमाने तक्ता केला आणि प्रत्येक घटनेसमोर संस्थेच्या आचारसंहितेतलं कलम लिहिलं. "मानसिक छळ" हा शब्द एकदाच वापरला. शेवटी मागणी स्पष्ट ठेवली: माझं रिपोर्टिंग दुसऱ्याकडे द्यावं, चौकशी होईपर्यंत माझं अप्रेझल (कामाचं मूल्यमापन) सरांनी करू नये. "न्याय मिळावा" असं लिहिलं तर एचआरला नेमकं काय करायचं ते कळत नाही, आणि फाइल पडून राहते. तक्रार मेलने दिली, छापील प्रतीवर पोच घेतली. त्याआधी मागच्या तीन वर्षांची अप्रेझल मागून घेतली होती, कारण तक्रारीनंतर कामच वाईट असल्याचा मुद्दा हमखास निघतो.

आधी समेटाचा प्रस्ताव आला. दोन समान पदांवरच्या माणसांचं भांडण असेल तर समेट ठीक आहे. ज्याच्या हातात आपलं अप्रेझल आहे, त्याच्यासमोर बसून मोकळं बोलता येत नाही. मी लेखी नकार दिला आणि कारणही लिहिलं.

चौकशीत "तेव्हाच का नाही सांगितलंत?" हा प्रश्न येतोच. खरं उत्तर द्या. पहिल्या वेळी चुकून झालं असेल असं मला वाटलं होतं, तेच मी सांगितलं. आठवत नसेल तर "आठवत नाही, वही बघून सांगते" म्हणायला काहीच हरकत नाही. जबाबाची प्रत मागा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या जबाबात "ओरडले" चं "नाराजी व्यक्त केली" झालं होतं. ते मी बदलून घेतलं.

निकाल अंशतः माझ्या बाजूने लागला: सहापैकी चार घटना सिद्ध, दोन पुराव्याअभावी नाहीत. रिपोर्टिंग बदललं. त्यानंतर चार महिने मी वही चालू ठेवली, कारण डूख धरून होणारा त्रास तेव्हाच सुरू होतो: रजा अडवणं, मेलच्या यादीतून नाव गाळणं. अशा दोन नोंदी झाल्या. दोन्ही मी जुन्या तक्रारीचा क्रमांक टाकून त्याच दिवशी एचआरला पाठवल्या, आणि तिसरी लिहायची वेळ आली नाही.